बेड नंबर बारा आणि सिस्टरचं मन

लंडनमधलं एक मोठं शिक्षण-रुग्णालय १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेचात सापडलं होतं. परिचारिका व्हायला आलेल्या मुलींपैकी सुमारे एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट टाकून निघून जात होत्या. रुग्णालयाने टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटच्या मनोविश्लेषक इझाबेल मेंझीस यांना बोलावलं. त्यांनी वॉर्डांत काय चालतं ते पाहिलं, मुलींशी आणि त्यांच्या वरिष्ठांशी सविस्तर बोलणी केली. तिथे रुग्णाला नाव नव्हतं. ‘दहा नंबरचं लिव्हर’, ‘पंधरा नंबरचा न्यूमोनिया’ अशी बोली होती. कोणत्याही मुलीकडे एखादा रुग्ण पूर्णपणे सोपवला जात नसे. एकीने सगळ्यांचं टेम्परेचर घ्यायचं, दुसरीने सगळ्यांची अंथरुणं बदलायची, तिसरीने बेडपॅन. साध्या निर्णयासाठीही वरच्या बाईंना विचारायचं आणि त्यांनी त्यांच्या वरच्यांना. एका वॉर्डात जरा रुळलं की दुसऱ्या वॉर्डात बदली.

मेंझीस यांनी याला निर्दयपणा म्हटलं नाही. रक्त, पू, विष्ठा, वेदना आणि मरण यांच्याशी रोज गाठ पडली की मनात भीती उठते, किळस येते, दया येते, राग येतो आणि त्या रागाची लाजही वाटते. या सगळ्यापासून वाचण्यासाठी त्या रुग्णालयाने नकळत ही कामाची रीत उभी केली होती. माणूस दिसलाच नाही तर त्याचं दुःखही दिसणार नाही, असा तो बंदोबस्त होता. तो फसला. भीती कमी झाली नाही, उलट ज्या समाधानासाठी मुली या कामाला आल्या होत्या तेच हातून गेलं. आपल्या हातून एक माणूस बरा होताना पाहणं त्यांच्या वाट्याला येईना. सोडून जाणाऱ्यांत चांगल्या, समंजस मुली मोठ्या संख्येने आहेत, ही मेंझीस यांची नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

‘बाराचं सलाईन संपत आलंय’, ‘हर्नियावाल्याला एनबीएम (उपाशी) ठेवा’ ही वाक्यं आपल्या कोणत्याही वॉर्डात दिवसभर ऐकू येतात. बोलणारी सिस्टर कठोर नसते. चाळीस खाटांच्या वॉर्डात चाळीस नावं आणि चाळीस घरं डोक्यात ठेवून रात्र निभावता येत नाही.

परिचारिकांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की आपण धरून चालतो की मरण आणि वेदना पाहून पाहून त्यांचं मन खचतं. हे अर्धं खरं आहे. गेल्या साठ वर्षांतलं संशोधन आणि परिचारिका स्वतः जे सांगतात ते शेजारी शेजारी ठेवलं, तर दुसरंच कारण ठळकपणे पुढे येतं. काय करायला हवं ते माहीत असूनही ते करता येत नाही, आणि करता आलं नाही हे कुठे बोलताही येत नाही. मन सावरण्याची वाटही याच दोन ठिकाणांवरून जाते.

१९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या थकव्याचं वर्णन केलं आणि त्याला ‘बर्नआउट’ म्हटलं. १९८१ मध्ये क्रिस्टीना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी तो मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. ती आजही जगभर वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटला जागा दिली, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न हाताळल्या गेलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. तिची लक्षणं तीन: शक्ती पार संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. वॉर्डात ही लक्षणं सहज दिसतात. पूर्वी पेशंटच्या उशाशी दोन मिनिटं थांबणारी सिस्टर आता नातेवाइकाने प्रश्न विचारला की अंगावर येते. घरी गेल्यावर त्याच वागण्याने तिला रडू येतं.

बर्नआउट आणि नैराश्य एक नाहीत, तरी त्यांची हद्द पुसट आहे. दोन-चार दिवस रजा मिळाली, माहेरी जाऊन आलं, मुलांत रमलं आणि जीव हलका झाला, तर बहुधा प्रश्न कामाच्या ओझ्याचा असतो. पण रजेतही काही गोड वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण कुचकामी आहोत असं वाटत असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक दिवस रोज चाललं असेल, तर तो आजार असण्याची शक्यता आहे. त्याला उपचार लागतात. काहींना एखाद्या घटनेची दृश्यं पुन्हापुन्हा दिसतात, मॉनिटरचा आवाज घरातही ऐकू येतो, त्या वॉर्डाच्या दारापाशी पाय अडतात. महिन्याहून जास्त काळ हे टिकलं तर डॉक्टर आघातोत्तर ताणाच्या आजाराचा विचार करतात. नेमकं काय झालं आहे हे कळलं की नेमकी मदत मागता येते, म्हणून हे भेद सांगितले.

आता त्या दुसऱ्या कारणाकडे येऊ. १९८४ मध्ये अँड्र्यू जेम्टन या तत्त्वज्ञाने परिचर्येतल्या नैतिक प्रश्नांवर पुस्तक लिहिलं आणि एका विशिष्ट यातनेकडे लक्ष वेधलं. योग्य काय ते परिचारिकेला ठाऊक असतं, पण संस्थेच्या अडचणींमुळे तसं वागणं जवळजवळ अशक्य होतं. याला त्याने नैतिक क्लेश म्हटलं. अर्धांगवायूच्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं हे प्रत्येक सिस्टरला पहिल्याच वर्षी शिकवलेलं असतं. रात्री वॉर्डात ती एकटी, कॅज्युअल्टीतून तीन नवीन पेशंट वर आलेले, मावशी रजेवर. वळवणं राहून जातं आणि चौथ्या दिवशी पाठीवर जखम दिसते. ती जखम तिने पाहिलेली असते आणि ती का झाली हेही तिला माहीत असतं. सकाळी ओव्हर देताना वहीत जखमेचा आकार लिहिला जातो, एकटीने चाळीस जणांची रात्र काढली हे मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली, पुरवठ्याचा दाब उतरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. प्राणवायू द्यायला हवा हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, पण द्यायला तो नव्हता. कोविडच्या त्या लाटेत हजारो परिचारिकांनी याच प्रकारचे लहान-मोठे प्रसंग पाहिले. त्यातल्या कितीतरी जणी आजही त्याबद्दल घरात बोललेल्या नाहीत. आपण थाळ्या वाजवल्या, फुलं उधळली, त्यांना योद्धे म्हटलं. योद्ध्याने खचायचं नसतं असा त्या गौरवाचा एक अर्थ निघत होता, आणि मला वाटतं त्याने बोलण्याची वाट आणखी अरुंद केली.

ओझं आणि मन यांचा संबंध आकड्यांत दाखवण्याचं काम लिंडा एकन यांनी केलं. त्या स्वतः परिचारिका आणि समाजशास्त्रज्ञ. त्यांच्या गटाने पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, दहा हजारांहून अधिक परिचारिका आणि शस्त्रक्रिया झालेले सुमारे दोन लाख बत्तीस हजार रुग्ण यांचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेच्या वाट्याला सरासरीने एक रुग्ण वाढला की तिला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्याच एका वाढीव रुग्णामागे, दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली होती. एकच कारण सिस्टरलाही मोडतं आणि पेशंटलाही. परिचारिकांचं मानसिक आरोग्य हा त्यांचा खासगी प्रश्न आहे असं मानणाऱ्यांनी हे दोन आकडे एकत्र वाचावेत.

कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून प्रत्येक विभागात एका परिचारिकेमागे जास्तीत जास्त किती रुग्ण याची मर्यादा अंमलात आणली. पुढे एकन यांच्याच गटाने तिथल्या परिचारिकांची इतर दोन राज्यांतल्या परिचारिकांशी तुलना केली, तेव्हा कॅलिफोर्नियात बर्नआउट कमी आढळला. भारतीय परिचर्या परिषदेचे निकषही कागदावर उत्तम आहेत. शिक्षण-रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक, आणि रजांसाठी वर ३० टक्के राखीव जागा. वॉर्डातल्या कोणत्याही सिस्टरला हे वाचून दाखवावं आणि तिचा चेहरा पाहावा. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतांतून होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला. वर्तमानपत्रांत असा संप ‘रुग्णांचे हाल’ या मथळ्याखाली येतो. मला तो मानसिक आरोग्याचाही प्रश्न वाटतो, कारण अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर असलेली मुलगी ‘मला आज झेपत नाही’ असं इन्चार्ज सिस्टरला कधीच सांगणार नाही. त्याआधी २०११ च्या अखेरीस मुंबईतल्या खासगी रुग्णालयांतल्या परिचारिका नोकरीत अडकवणाऱ्या बाँडविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच केरळमधून आलेल्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या. मूळ प्रमाणपत्रं मालकाच्या कपाटात अडकली असतील तर नोकरी सोडून श्वास घ्यायची वाटही बंद होते.

नाइट ड्युटीचा मुद्दा स्वतंत्रच आहे. मेंदूतलं जैविक घड्याळ उजेडावर चालतं. रात्रभर जागून सकाळी उन्हातून घरी गेलेल्या शरीराला ते घड्याळ झोपू देत नाही. दिवसाची झोप तुटक आणि उथळ होते. अपुरी झोप नैराश्याला आमंत्रण देते आणि नैराश्य झोप मोडतं. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. पुरुष रात्रपाळी करून आला तर घर दबक्या आवाजात वावरतं. बाई आली तर ‘आज आई घरीच आहे’ असं म्हणून डबे, शाळेची मीटिंग, गॅस सिलिंडर सगळं तिच्यावर येतं. लागोपाठच्या रात्री कमी ठेवणं, पाळ्या सकाळ-दुपार-रात्र या क्रमाने फिरवणं, नाइटनंतर खरोखरची सुटी देणं, रात्री अर्धा तास आडवं व्हायला जागा आणि मुभा देणं, हे उपाय स्वस्त आहेत. ड्युटी लिस्ट लिहिणाऱ्या व्यक्तीला ते माहीत असले तरी बराच फरक पडतो. आणि घरच्यांनी सकाळी नऊ ते दुपारी तीन तो दरवाजा ठोठावायचा नाही.

एखादी चूक झाल्यावर मनाचं काय होतं, यावर अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या रुग्णालयात सुझन स्कॉट या परिचारिकेने केलेलं काम फार मोलाचं आहे. उपचारातल्या चुकीचा पहिला बळी रुग्ण, पण ज्याच्या हातून ती घडली तोही बळी ठरतो, हे अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये मांडलं होतं. स्कॉट आणि सहकाऱ्यांनी अशा प्रसंगांतून गेलेल्या ३१ डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि २००९ मध्ये सावरण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. प्रथम गोंधळ उडतो, कारण पेशंटला वाचवायचं असतं आणि स्वतःचे हात कापत असतात. मग तीच ती मिनिटं डोक्यात फिरत राहतात: ‘लेबल पुन्हा वाचलं असतं तर’. तिसऱ्या पायरीवर माणूस सहकाऱ्यांचे डोळे वाचतो, आपल्यावर अजून कोणाचा विश्वास आहे का ते शोधतो. चौथी पायरी चौकशीची. पाचवीवर कोणाजवळ तरी मन मोकळं करण्याची गरज वाटते आणि कोणाजवळ करावं हे कळत नाही. सहावीवर तीन फाटे फुटतात. काही जण काम किंवा विभाग सोडतात. काही काम करत राहतात पण आतून सावरत नाहीत. काही त्या अनुभवातून अधिक जाणते होतात.

कोणता फाटा मिळणार हे बऱ्याच अंशी तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर ठरतं, असं माझं मत आहे. आपल्याकडे चौथी पायरी मेमोने सुरू होते. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि रुग्ण दगावले, त्यानंतर अटक झालेल्यांत परिचारिकाही होत्या. दोष कोणाचा हे न्यायालय पाहील. पण त्या बातमीने राज्यातल्या प्रत्येक वॉर्डात काय पोहोचलं असेल याची कल्पना करता येते. जिथे चूक सांगितली की फाइल उघडते, तिथे चुका लपतात, आणि लपवणारीचं मन पोखरत राहतं.

मिसुरीत यावर उभी केलेली व्यवस्था साधी आहे. प्रत्येक विभागातल्या काही जणांना घटना घडताच सहकाऱ्याजवळ जाऊन बसायला शिकवलं जातं. त्याने भागलं नाही तर प्रशिक्षित सहकाऱ्यांचा गट येतो, आणि गरज पडली तर तज्ज्ञाकडे तातडीने पाठवलं जातं. सान डिएगोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयाने २००९ मध्ये डॉक्टरांसाठी सुरू केलेली निनावी तपासणी २०१६ मध्ये परिचारिकांसाठीही खुली केली. नाव न सांगता संगणकावर प्रश्नावली भरायची, समुपदेशक उत्तर पाठवतो, पुढे भेटायचं की नाही हे परिचारिका ठरवते. तिथे याची निकड होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात स्त्री परिचारिकांमधलं आत्महत्यांचं प्रमाण सर्वसाधारण स्त्रियांच्या जवळपास दुप्पट आढळलं होतं. बॉस्टनमध्ये केनेथ श्वार्ट्झ या कर्करोगग्रस्त वकिलाच्या १९९५ मधल्या मृत्यूनंतर त्याच्या नावाने सुरू झालेल्या बैठकींत डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी एकत्र बसून केसच्या निदानाबद्दल बोलत नाहीत, ती केस सांभाळताना आपल्याला काय वाटलं तेवढंच बोलतात. ब्रिटननेही त्या २००९ पासून स्वीकारल्या.

इथे एक सावधगिरी. वाईट घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून, इच्छा असो वा नसो, तपशीलवार सांगायला लावण्याचे एकवेळचे प्रयोग झाले आहेत. त्यांनी पुढचा आघात टळत नाही, काहींना उलट त्रास होतो, असं अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत दिसलं. सोबत, पाणी, घरी पोहोचण्याची सोय, झोप, आणि बोलावंसं वाटेल तेव्हा ऐकणारं माणूस, सुरुवातीला एवढंच हवं असतं.

उपचारांकडे वळणं परिचारिकेला इतरांपेक्षा अवघड जातं. ज्या ओपीडीत जायचं तिथले सगळे ओळखीचे असतात. औषधांची नावं पाठ असल्यामुळे स्वतःच झोपेची गोळी घेण्याची सवय लागते, आणि अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचं अवलंबित्व हळूहळू जडतं. नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांची तशी चटक लागत नाही. मात्र त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ती साधारण सहा महिने तरी चालू ठेवावी लागतात. आठव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून बंद करणाऱ्यांत आरोग्यसेवेतली माणसंही असतात. विचार आणि वर्तनावर काम करणारी समुपदेशनाची पद्धत सौम्य आणि मध्यम नैराश्यात औषधांइतकीच उपयोगी पडते. आपल्या गावात जायला संकोच वाटत असेल तर केंद्र सरकारची १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही मिळते. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच क्षणी हा फोन करावा, ड्युटी संपायची वाट पाहू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि पूर्वी कधी उपचार घेतले एवढ्यावरून कोणालाही आज मनोरुग्ण ठरवता येत नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मेट्रनच्या ऑफिसात हा कायदा माहीत असायला हवा.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. कामाच्या जागी परिचारिका किती असुरक्षित असते याचा तो दाखला आपण विसरलेलो नाही. पण त्या घटनेला दुसरीही बाजू आहे. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या रुग्णालयातल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या शरीरावर त्यांनी पाठीच्या जखमा होऊ दिल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यांच्याबाबत दिलेल्या निकालात या सेवेचा गौरव केला. तिथे खाटेला नंबर नव्हता, माणूस होता, आणि आपल्याला जसं योग्य वाटेल तसं काम करायची मोकळीक होती. ज्या कामाने मन खचतं त्याच कामात मनाला धरून ठेवण्याची ताकदही असते, हे मला तिथे दिसतं.

उपचारांनी बरी होऊन रजेवरून परतणाऱ्या सिस्टरचे पहिले काही आठवडे नाजूक असतात. तिला लगेच नाइट लावू नये. ज्या वॉर्डात घटना घडली तिथे परत जायचं का, हे तिला विचारून ठरवावं. काहींना तिथेच परतून भीती मोडायची असते, काहींना नको असतं. सुरुवातीला जोडीला अनुभवी सहकारी द्यावी. तिची विचारपूस नर्सिंग काउंटरवर सगळ्यांसमोर न करता चेंजिंग रूममध्ये करावी. आणि ती रजेवर असताना तिच्या ड्युट्या कोणी केल्या, याकडे बघावं. राखीव ३० टक्के जागा रिकाम्या असल्या की तिची रजा मैत्रिणींच्या डबल ड्युटीतून वसूल होते. तिला ते माहीत असतं, म्हणून ती गोळ्यांचा गुण यायच्या आत, दहाव्या दिवशीच कामावर हजर होते.